धाकट्याचा मुक्काम

फोन आला तेव्हा तिच्या हातात कुणाचा तरी खालचा जबडा होता. प्लास्टर नुकतंच साच्यातून सुटलं होतं, अजून कोमट होतं, आणि कोमट प्लास्टर तळहातावर घेतलं की तिला नेहमी उगाच बरं वाटायचं. डेंटल लॅबमध्ये तिची हयात गेली होती. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, त्यांवरून ती आणि आणखी दोघी जणी कवळ्या आणि कॅपा बनवायच्या. माणसं कधी दिसायची नाहीत, नुसते जबडे यायचे आणि जायचे. मालकांनी काचेआडून खूण केली, म्हणून तिने हात पुसले आणि रिसीव्हर कानाला लावला. "घाबरू नका," पलीकडची बाई म्हणाली, "मी पोलीस ठाण्यातून बोलतेय," आणि मग शांतपणे, आधी शंभरदा म्हटलेलं असावं तसं, "तुमचे भाऊ माझ्यासमोर उभे आहेत. त्यांना दोन आठवडे स्वतःच्या घरी जाता येणार नाही, तसा आदेश दिलाय. ते म्हणतात तुमच्याकडे राहतील. तुमची काही हरकत आहे का?"

"हरकत कसली? भाऊ आहे माझा."

"तरी विचारावं लागतं. असेल तर सांगा, दुसरी सोय बघू."

"नाही, नाही. येऊ दे त्याला," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, 'काय झालं' हे आपण विचारलंच नाही. मालकांनी विचारलं, "सगळं ठीक?" ती "हो, भाऊ राहायला येतोय" म्हणाली आणि ते खरंही होतं. ती पुन्हा टेबलाशी बसली, मेणाची काडी गरम केली, पण हात मेणात आणि मन भलतीकडेच. दोन वर्षांपूर्वी भावजयीचा पुढचा दात मोडला होता. जिन्यात पाय घसरला, असं भावजय म्हणाली होती. त्या दाताची कॅप हिनेच बनवली, घरचं माणूस म्हणून जास्तच मन लावून. रंग जुळवायला तिला आपल्या स्वयंपाकघरात बोलावलं, उजेडाला तोंड करून बसवलं आणि एकेक नमुना ओठांपाशी धरून पाहिला. धाकटा मागे उभा होता, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. "ताई, जरा पांढरा दे गं, जाहिरातीतल्या बाईसारखा," असं म्हणाला आणि तिघंही हसली. भावजय तोंडावर हात ठेवून हसली, पण पुढचा दात मोडलेलं कुणीही तसंच हसतं. नंतर ते माप कितीतरी दिवस तिच्या टेबलावर पडून होतं. प्लास्टर कारण सांगत नाही. दात कुठून मोडलाय एवढंच त्यात दिसतं, आणि तिने तेवढंच पाहिलं होतं.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तो हसत उभा होता. "ताई, हद्दपार झालो बघ." ती पण हसली, कारण तो असा हसला की हसू न येणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. लहानपणापासून घरातलं सगळं हसू ह्याच्याच वाट्याला आलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायचा; म्हाताऱ्या बायका खास त्याच्याकडे यायच्या, कारण तो न कंटाळता भिंगं बदलत राहायचा आणि दर वेळी मऊ आवाजात विचारायचा, 'आता? आता नीट दिसतंय?' आई म्हणायची, एकाने डोळे घेतले, एकीने दात घेतले, आता तिसरं झालं असतं तर त्याला कान तेवढे राहिले असते. हे म्हणून आई स्वतःच्या डाव्या कानाला हात लावायची, ज्याने तिला शेवटपर्यंत नीट ऐकू आलं नाही, आणि तीही हसायची. धाकट्याने बॅग खाली ठेवली. पोलिसांनी समोर उभं राहून भरायला लावली होती म्हणे. तिने उघडून पाहिली तर तीन शर्ट, एकच पँट, दाढीच्या सामानाचा पत्ता नाही, आणि घाईत कोंबलेल्या मोज्यांत त्याच्या लेकीचा एक पिवळा मोजा. तो मोजा त्याने हातात घेतला आणि बराच वेळ कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

"काही नाही गं, शब्दाला शब्द वाढला," जेवताना तो म्हणाला. "घरोघर होतं. पण समोरची बाई भिंतीला कान लावूनच बसलेली असते, तिने केला फोन. आणि ह्यांना हल्ली अधिकार दिलेत ना, ह्या पोलिसांना. ना कोर्ट, ना काही. ती पोलीस बाई उंबऱ्यात उभी राहून सरळ म्हणाली, किल्ल्या द्या. माझ्या घराच्या किल्ल्या, ताई. लेकीसमोर." तिने भात वाढला. "तिला लागलं का?" तिने विचारलं. "कुणाला?" तो म्हणाला, आणि ते त्याने इतकं मनापासून विचारलं की ती गोंधळली, आपणच काहीतरी चुकीचं बोललो असं तिला वाटलं. मग तो म्हणाला, "थोडं. ओठाला," आणि पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला, "ताई, तुला ठसका लागेल, आधी पाणी पी."

खरं सांगायचं तर तो आल्याने तिला आनंद झाला होता. हे ती कुणाला बोलली नसती, पण तो झाला होता. लग्न जमलं नाही म्हणायचे लोक. ते जमू नये ह्याची तजवीज तीच कुठेतरी आतून करत आली होती, हे तिला चाळिशीनंतर उमगलं, आणि तोवर दोन खोल्या, एक पलंग, एक खुर्ची आणि एका माणसापुरती भांडी अशी तिची घडी बसून गेली होती. आता बाहेरच्या खोलीत सतरंजीवर तो झोपायचा आणि सकाळी न्हाणीतून त्याचं गुणगुणणं ऐकू यायचं. त्याने गळका नळ दुरुस्त केला. पंख्याची कुरकुर घालवली. स्वयंपाकघराची खिडकी कित्येक वर्षं फुगून बसली होती, कधी पूर्ण लागतच नव्हती, थंडीत ती फटीत कापडाची गुंडाळी कोंबायची. त्याने रंधा आणून कडा तासल्या, बिजागऱ्यांना तेल घातलं, नवी कडी बसवली आणि एका बोटाने लावून दाखवली. "बघ. हवाही आत येणार नाही आता." ती म्हणाली, "तू असतास तर केव्हाच झालं असतं रे." असे दिवस जात होते, आणि तिला त्यांचा शेवट नको होता. फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात येऊ लागली, तीही अर्धवटच. तो घरात असला की आपण भांडी हळू ठेवतो. पातेल्यावर झाकण ठेवताना कडेला बोट लावतो, आवाज होऊ नये म्हणून. खुर्ची ओढत नाही, उचलतो. असं करायला त्याने कधी सांगितलं नव्हतं. त्याचा आवाजही चढला नव्हता. तिच्या हातांनाच कुठूनतरी आठवलं होतं, आणि कुठून ते तिला चांगलं ठाऊक होतं.

वडील विजेचे मीटर तपासायचे. लोकांच्या जिन्यांखाली, अंधाऱ्या कोपऱ्यांत बॅटरी घेऊन वाकायचे, आकडे टिपायचे, घरोघरी 'येऊ का?' असं अदबीने विचारून आत जायचे. स्वतःच्या घरात त्यांना विचारावं लागत नसे. त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की आई गॅस बारीक करायची, ही वहीवरून मान उचलायची नाही, आणि धाकटा पलंगाखाली जाऊन आपल्या काचेच्या गोट्या मोजायला लागायचा. आईचं काय चुकायचं हे तिला कधी कळलं नाही. बहुधा आईलाही नसावं. सगळा प्रकार उघड्या खिडक्यांनी चालायचा. वडिलांना कुणाची भीड नव्हती, सगळी इमारत ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी सगळी इमारत आईला पाणी आलं का, दूध आलं का असं विचारायची. एकदाच कुणीतरी पोलिसाला बोलावून आणलं. तो दारात उभा राहिला, टोपी काखेत धरून, वयाने बापाएवढाच. आईच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं आणि चटकन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "घरातलं भांडण आहे," तो वडिलांना म्हणाला, जवळजवळ माफी मागितल्यासारखा, "आमच्या हातात काही नाही. पण आवाज रस्त्यावर येतो हो. तेवढं बघा." आईने त्याला पाणी दिलं. तो प्यायला, पेला परत दिला आणि गेला. मग धाकटा बारा-तेरा वर्षांचा झाला, एकाएकी उंच झाला, आणि एक दिवस पलंगाखाली न जाता मधे उभा राहिला. नुसता उभा. वडिलांचा हात वरच्या वर थांबला, आणि त्यांनी त्या हाताने आपलेच केस मागे सारले. त्या दिवसापासून तो घरात असला की आईला कुणी हात लावला नाही. म्हणून तो सहलीला गेला नाही, खेळायला राहिला नाही, शाळा सुटली की पळत घरी यायचा, धापा टाकत दारात उभा राहून आधी आईचा चेहरा बघायचा आणि मगच दप्तर उतरवायचा. घराला मिळालेला एकमेव पोलीस तो, असं तिला वाटायचं. आता त्यालाच पोलिसांनी घराबाहेर काढलं होतं, आणि ह्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींशेजारी बसायला तयार नव्हत्या. एक बसली की दुसरी उठायची.

मधे एकदा ती फोनवरची अधिकारी बाई पत्ता खरा आहे का ते पाहायला आली. वयाने लहानच होती, बूट दाराशी काढू का म्हणून विचारलं, नको म्हटल्यावर अवघडून पायपुसण्यावर उभी राहिली. धाकट्याने खुर्ची पुढे केली, चहा विचारला, "मॅडम, तुमच्या डोळ्यांवर ताण येतो का? कपाळ आखडून बघता," असंही म्हणाला. बाईने नुसती मान हलवली आणि हिला म्हणाली, "जरा आत बोलू." स्वयंपाकघरात येऊन तिने विचारलं, "तुम्हाला काही त्रास?"

"मला? मला कशाला त्रास होईल?"

"बरं. त्यांनी घराच्या आसपास फिरकायचं नाही, बायकोला फोन नाही, निरोप नाही, दुसऱ्याकरवीही नाही. दिसले तर आम्ही लगेच ताब्यात घेऊ शकतो. कोर्टात मुदत वाढवून मागणार आहोत, तोवर ह्या एवढ्याच दिवसांची सोय आमच्या हातात आहे. तुम्हाला काही कळलं तर मला कळवा."

"तो माझा भाऊ आहे, मॅडम."

"म्हणूनच सांगतेय," बाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, पण हिला तो लागला. बाई गेल्यावर धाकट्याने विचारलं, "काय म्हणत होती?" ती म्हणाली, "काही नाही, तुझी चौकशी." आणि तिला आपल्याच घरात काहीतरी लपवल्यासारखं झालं, बाईपासून की भावापासून ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

रविवारी तो म्हणाला, "ताई, तू जाऊन ये ना. तुला कुठे बंदी आहे? पोरीला बघून ये. आणि तिला एवढंच सांग, मी चुकलो म्हणावं. लेकीसाठी तरी प्रकरण कोर्टात नेऊ नको म्हणावं." हे सांगताना त्याने तो पिवळा मोजा तिच्या हातात दिला. ती गेली. दाराला आतून नवी साखळी होती. फटीतून आधी भावजयीचा डोळा दिसला, मग साखळी निघाली. ओठाचं सुकत आलं होतं. कॅप शाबूत होती. हिची नजर आधी तिथेच गेली आणि ह्याची तिला शरम वाटली. पण बसल्यावर तिला जे जाणवलं ते वेगळंच होतं. घरात गोंगाट होता. भाची चपला फटकारत ह्या खोलीतून त्या खोलीत धावत होती, कपाट धाडकन लावत होती, मोठ्याने काहीतरी ओरडून सांगत होती, "आत्या, हे बघ, आत्या, ते बघ," आणि तिच्या आईने एकदाही तिला हळू म्हटलं नाही. हीच पोर. सगळे जिला गुणी म्हणायचे, जिचा घरात आवाज येत नाही म्हणून हिने स्वतः किती वेळा कौतुक केलं होतं.

"ताई, तुम्ही निरोप आणलाय का?" भावजयीने विचारलं.

निरोप तिच्या जिभेवर होता. "नाही," ती म्हणाली. "मोजा आणलाय."

भावजयीने मोजा घेतला, त्याची घडी घातली, उलगडली. मग खाली बघत, बोलायचं ठरवलेलं नसतानाच बोलावं तसं म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, तो चिडतो? चिडत नाही हो. चिडला असता तर कळलं तरी असतं. तो उठतो आणि आधी खिडक्या लावतो. एकेक करून, नीट, कडी घालून. पोरीला म्हणतो, जा, आत जाऊन अभ्यास कर. आणि मग येतो. त्या दिवशी स्वयंपाकघराची एक लागली नाही पूर्ण, फुगली होती, म्हणून समोरच्या बाईला ऐकू गेलं. नाहीतर तुम्हाला आजही काही कळलं नसतं." ती थांबली. "की कळलं होतं?"

भाची धावत आली आणि आत्याच्या मांडीवर धपकन बसली. त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. परत येताना बसमध्ये तिला सारखं वाटत होतं की भावजयीने तो प्रश्न रागाने विचारला असता तर बरं झालं असतं. खरोखरच माहिती हवी असावी, इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं होतं. ती घरी पोचली तेव्हा धाकटा कांदा चिरत होता, डोळे पुसत, हसत. स्वयंपाकघरात कोंडल्यासारखं झालं होतं. खिडकी लावलेली होती, चौकटीत गच्च, कुठे सूतभरही फट नव्हती, आणि तिला तो पोलीस आठवला, टोपी काखेत धरलेला, पाणी पिणारा. आवाज रस्त्यावर येतो हो, तेवढं बघा. पलंगाखालच्या पोराने ते ऐकलं होतं. बापाचं सगळं पाहिलं, सगळ्याचा तिरस्कार केला, आणि बापाची नेमकी कोणती चूक सुधारायची ते ह्या एका वाक्यातून शिकला. असं तिच्या मनात आलं आणि तिने ते लगेच ढकललं, कारण समोर कांदा चिरणारं माणूस तिचं होतं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, कांद्याचं का असेना. "काय म्हणाली?" त्याने विचारलं. "पोर बरी आहे," ती म्हणाली. "आणि ती?" "बोलली नाही फारसं." त्याने चिरलेला कांदा सुरीने एका बाजूला सारला, फार व्यवस्थित.

त्यानंतर तो संध्याकाळी फेरी मारायला जाऊ लागला. पाय मोकळे करतो म्हणायचा. एकदा तिचं जेवण उरकलं, ताट झाकून ठेवलं, तेव्हा तो आला. बूट न काढताच स्वयंपाकघरात आला. खिडकीपाशी गेला, ती एका बोटाने ओढली, कडी घातली. मग खुर्चीवर बसला. कडीचा तो बारीक आवाज तिच्या पाठीच्या कण्यातून खाली गेला. ह्याआधी कधी, म्हणजे त्याच्या बाबतीत कधीच, तिला असं झालं नव्हतं.

"समोरच्या फुटपाथवर उभा होतो, नुसता," तो म्हणाला. "बघायलाही बंदी? सगळ्या खोल्यांत दिवे लावलेत. सगळ्या. पडदेसुद्धा ओढलेले नाहीत. आणि हसत होत्या गं दोघी. कशाला तरी इतक्या हसत होत्या की पोर खाली बसली पोट धरून." तो तिच्याकडे बघत होता, पण त्याला समोर कोण दिसतंय ते तिला कळेना. "मी नसताना एवढं हसायला काय येतं त्यांना? सांग ना. तू बाई आहेस, तुला माहीत असेल."

"जेव आधी," ती म्हणाली.

"मला वाटतं बाईने पाहिलं मला. समोरच्या." त्याने हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला. दाबला नाही. त्याचा हात ऊबदार होता, लहानपणी पलंगाखालून बाहेर काढताना ती धरायची तोच. "कुणी विचारलं तर मी घरीच होतो. आपण दोघं जेवत होतो. ताई? तू माझी आहेस ना?"

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? तिचं मनगट त्याच्या हाताखाली अगदी स्थिर होतं, आणि आई काय करायची ते तिला आत्ता कळलं. आई घाबरायची नाही. घाबरण्याच्या पलीकडे एक जागा असते, तिथे माणूस फार हुशार होतं, समोरच्याचा श्वास मोजतं, हो म्हणतं, ताट वाढतं. तिने ताट वाढलं. तो जेवला, भाजी छान झाली म्हणाला, स्वतःचं ताट धुऊन ठेवलं आणि झोपला. तिने रात्रभर कूस बदलली. सगळी रात्र ती त्याच्या बाजूने बोलत होती: मन मोकळं करायला आणखी कुठे जाईल, पोटची पोर आहे, लांबून पाहिलं तर काय बिघडलं, दोन आठवडे काय, संपतील. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती पोर पोट धरून खाली बसत होती, हसत, उजेडात, आणि समोरच्या अंधारात कुणीतरी ते मोजत होतं.

सकाळी तो दाढी करत असताना दार वाजलं. अधिकारी बाई होती, तिच्यामागे एक शिपाई. ह्या वेळी बाईने बुटांचं विचारलं नाही. "काल संध्याकाळी तुमचा भाऊ कुठे होता?" चहा उकळत होता. त्याने न्हाणीच्या दारातून मान बाहेर काढली, अर्ध्या गालावर साबण. "सांग ना ताई," तो म्हणाला, अगदी सहज, हसून. तिने गॅस बंद केला. तिला वाटलं होतं की असं काही बोलायची वेळ आली तर आवाज फुटणार नाही, छातीत काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. "घरी नव्हता," ती म्हणाली. "त्याच्या घरासमोर उभा होता. त्यानेच मला सांगितलं. कुणी विचारलं तर घरी होता म्हण, असंही सांगितलं." मग तिला आणखी सांगायचं होतं, पण बाई म्हणाली, "पुरे आता. बाकीचं ठाण्यात येऊन सांगा. तिथे लिहून घ्यावं लागेल, नाहीतर हे कोर्टात टिकणार नाही."

धाकट्याने हळूहळू दाढी पूर्ण केली. कुणी त्याला घाई केली नाही. तोंड पुसून तो बाहेर आला आणि म्हणाला, "शर्ट?" तीन शर्टांपैकी दोन मळले होते, तिसरा तिने काल धुतला होता, तो दोरीवर दमट होता. तिने इस्त्री तापवली. बाई आणि शिपाई दारात उभे, भाऊ बनियनवर खुर्चीत बसलेला, आणि ती दमट शर्टावर इस्त्री फिरवत होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि वाफेत त्याचा वास होता, साबणाआडूनही ओळखू येणारा. बाह्या, पाठ, पुढचे दोन भाग. कॉलर दुहेरी असते, ती वाळेना. "राहू दे," तो म्हणाला. त्याने शर्ट घातला, सगळी बटणं लावली, आणि तिच्याकडे न बघता शिपायाच्या पुढून जिना उतरून गेला.

तिने लॅबमध्ये फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं. मालकांनी विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, हो, बरं नाही. मग तिने तोंड धुतलं, केस बांधले आणि ठाण्यात गेली. ठाणं म्हणजे एक लांबट खोली, हिरवट भिंती, एका टेबलाशी कुणीतरी हरवलेल्या सायकलीचं वर्णन सांगत होतं. भिंतीला लागून एक बाक होतं, त्यावर धाकटा बसला होता, पलीकडच्या टोकाला शिपाई. बसायला दुसरी जागा नव्हती. ती थोडा वेळ उभी राहिली. मग त्याने, सवयीनेच असेल, जरा सरकून तिला जागा करून दिली, आणि ती बसली. त्यांचे खांदे एकमेकांना लागले. कॉलरपाशी शर्ट अजून ओला दिसत होता आणि तिला वाटलं, ह्याला सर्दी होईल.

"अजूनही सांगू शकतेस," तो अगदी हळू म्हणाला, समोरच्या भिंतीकडे बघत. "झोपेत होते, गडबडून बोलले म्हण. एवढंच. कोण काय म्हणणार आहे?"

टेबलापाशी वर्णन अजून चालू होतं. सायकलीचा रंग निळा होता, मागचं चाक नवं होतं.

"घरी जाऊ दे मला, ताई. मी काही कुणाचा जीव घेणार नव्हतो." त्याच्या आवाजात आता हसू नव्हतं, राग पण नव्हता. सहलीला गेला नाही तेव्हा खिडकीत उभा राहून बोलायचा तसा तो बोलत होता. एक हात त्याच्या पाठीवर ठेवावा असं तिला इतकं वाटलं की तिने दोन्ही हात मांडीत घट्ट धरले. आणि मग तो म्हणाला, "आईने असं केलं नसतं."

"नाही," ती म्हणाली. "आईने नसतं केलं."

आतल्या दारात अधिकारी बाई आली आणि तिने मानेनेच बोलावलं. ती उठली. धाकट्याने पाय आत ओढून घेतले, तिला जायला वाट झाली.